सतत पाऊस पडणाऱ्या बागेत वाफ्यांवर आच्छादन कसं घालावं

आच्छादनाबद्दल, म्हणजे पेंढा, पाला, चिपा अशा साहित्याच्या थराने माती झाकण्याबद्दल, ज्याला आपण सर्रास मल्चिंग म्हणतो, जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेला धरून लिहिलेलं असतं. ओल टिकवा, जाड थर द्या, पाणी वाचवा. पण जिथे महिना महिना पाऊस हटत नाही तिथे ओल टिकवून करायचं काय? म्हणून पावसाळी भागातले बरेच बागकाम करणारे आच्छादन घालतच नाहीत. काही जण घालतात, पण कोरड्या भागाच्या मापाने, आणि रोपं कुजली की दोष आच्छादनाला देतात.

माझं म्हणणं असं, की भर पावसात उघडा ठेवलेला वाफा दरवर्षी थोडा थोडा मरत जातो. त्याला आच्छादन हवंच. मात्र ते ओल धरण्यासाठी घालायचं नाही, पावसाचा मार झेलण्यासाठी घालायचं. हे एकदा मनात पक्कं बसलं की साहित्य कोणतं, थर किती, घालायचं कधी या प्रश्नांची उत्तरं आपोआप वेगळी येऊ लागतात.

उघड्या मातीवर थेंब पडतो तेव्हा

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या माराने मातीचे रवाळ कण फुटतात, त्यांचा बारीक गाळ होतो आणि तो गाळ मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. उघडीप पडली की वर पापुद्रा धरतो. पुढच्या सरीचं पाणी मग मुरत नाही, वरच्या वर वाहतं आणि जाताना चांगली माती घेऊन जातं. थेंबासरशी उडालेले मातीचे कण ६० सेंमी उंच आणि दीड मीटर लांबपर्यंत जाऊ शकतात. जोराच्या सरीनंतर टोमॅटोचं खालचं पान उलटून पाहा. पाठीमागे मातीचे बारीक ठिपके दिसतील. करप्यासारख्या कित्येक रोगांची बीजं याच चिखलाबरोबर पानावर चढतात आणि रोग खालून वर सरकतो.

दुसरी गोष्ट हवेची. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीची छिद्रं पाण्याने भरली की मुळांचा श्वास कोंडतो. अशा मातीवर ओल्या पानांचा घट्ट थर बसला, तर उघडीप मिळूनही मातीला वाफसा, म्हणजे कामाजोगी मोकळी ओल, येत नाही.

म्हणून माझी कसोटी एकच: वरून पाहिलं तर माती दिसू नये, पण हात घातला तर बोटं सहज आत शिरावीत. पुढची सगळी मापं या कसोटीतून आली आहेत.

आधी निचरा

पाणी साचणाऱ्या वाफ्यावर कोणतंही आच्छादन घालू नका. त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. शंका असेल तर थोडी उघडीप पाहून ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला २.५ ते ७ सेंमी उतरलं तर ठीक. त्याहून कमी उतरत असेल तर गादीवाफा करा: १५ ते २० सेंमी उंच, माथा मधोमध किंचित फुगीर, आणि दोन वाफ्यांमधल्या सरीतून पाण्याला बाहेर वाट. सरीचं तोंड मोकळं आहे ना, हे प्रत्येक मोठ्या पावसानंतर बघावं लागतं, कारण वाहून आलेला काडीकचरा तिथेच अडकतो.

साहित्य कोणतं घ्यावं

इथे घाई करू नका. पावसाळी हवेत निम्मं यश साहित्यात आहे.

लाकडाच्या चिपा आणि झाडाच्या सालीचे मोठे तुकडे फुलझाडं, झुडपं, फळझाडं अशा कायम जागच्या झाडांना सर्वांत चांगले. दोन ते पाच सेंमीचे वेडेवाकडे तुकडे एकमेकांवर टेकून बसतात आणि मध्ये हवेच्या फटी राहतात. पाऊस पडतो, फटींतून खाली झिरपतो, वरचा भाग तासाभरात कोरडा दिसू लागतो. चिपा मातीतला नत्र खाऊन टाकतात अशी भीती घातली जाते. लाकडात नत्राच्या मानाने कर्ब कित्येक पटींनी जास्त असतो हे खरं, पण तो ओढा फक्त चिपा आणि माती जिथे टेकतात त्या पातळ थरात लागतो. मुळं त्याखाली असतात. चिपा मातीत कालवल्या तर मात्र नत्राची टंचाई नक्की होते आणि पानं पिवळी पडतात. म्हणून चिपा वरच ठेवायच्या, खणताना बाजूला ओढून घ्यायच्या.

भाजीच्या वाफ्यांना वाळलेला पेंढा उत्तम. तो हलका असतो, पोकळ काड्यांमुळे पाणी धरून बसत नाही आणि हंगामाअखेरीस कुजून मातीत मिसळतो. घेताना पेंढा आणि वाळलं गवत यांतला फरक पाहा. गवतात त्याचं स्वतःचं बी असतं, आणि पावसाळी हवेत ते बी आठवड्यात उगवून येतं. शिवाय पेंढा ज्या शेतातून आला तिथे कोणतं तणनाशक मारलं होतं ते विचारा. अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं काडीत महिनोन्‌महिने टिकून राहतात आणि टोमॅटो, घेवडा अशा पिकांची पानं आकसून वळतात. उत्तर मिळालं नाही तर पेंढ्याचे बारीक तुकडे मातीत मिसळून दोन कुंड्यांत घेवडा पेरा आणि दोन कुंड्यांत नुसत्या मातीत पेरा. दोन-तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो.

पालापाचोळा फुकटचा आणि मातीला फार मानवणारा, पण अख्खी रुंद पानं ओली झाली की कौलांसारखी एकावर एक चिकटतात. खाली पाणी जात नाही, हवाही जात नाही. पानं वाळलेली असताना चुरून घ्या, किंवा त्यात निम्म्याने काटक्या आणि खरखरीत काड्या मिसळा. पाईनच्या सुया मिळत असतील तर त्या एकमेकींत गुंततात, वाहून जात नाहीत आणि चिकटतही नाहीत. त्यांनी जमीन आम्ल होते हा समज सोडून द्या. वरून घातलेल्या सुयांनी मातीच्या आम्लतेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

नुकतं कापलेलं हिरवं गवत हा पावसातला सर्वांत फसवा प्रकार. मी एका वर्षी मिरचीच्या नव्या लागणीवर ते चांगलं वीतभर घातलं होतं. वरून वाफा सुरेख दिसत होता. आठव्या दिवशी दोन रोपांनी मान टाकली म्हणून गवत बाजूला केलं, तर आत हाताला ऊब लागली, आंबट वास आला आणि खोडाची साल जमिनीलगत बोटाने निघून आली. त्या ओळीतली अकरा रोपं गेली. तेव्हापासून हिरवं गवत मी आधी आडोशाला पसरून वाळवतो, आणि घातलंच तर एका वेळी दोन सेंमीहून जास्त नाही. पहिला थर तपकिरी झाल्यावर दुसरा.

लाकडाचा बारीक भुसा पावसात लापशीसारखा बसतो. तो टाळा. नारळाच्या सोडणाचा भुगा पाणी इतकं शोषतो की आठवडा उघडीप मिळाली तरी ओलाच राहतो. त्याची जागा कुंडीत, वाफ्यावर नाही. सोडणाचे अख्खे तुकडे मात्र झुडपांखाली चालतात. अर्धवट कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत उघडं वर पसरलं तर पहिल्या दोन जोरदार सरींत त्यातलं विरघळणारं सत्त्व धुऊन जातं. ते आधी घालून वर खरखरीत थर द्यावा.

पुठ्ठा आणि वर्तमानपत्रं यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तण मारायला ती उपयोगी आहेत, पण सतत ओल्या जमिनीवर ओला पुठ्ठा हवेची वाट अडवतो, आणि गोगलगाईंना त्याखाली हक्काचं घर मिळतं. नवीन वाफा करताना, पाऊस सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, तण दडपायला वापरायचा असेल तर वापरा. उभ्या रोपांच्या वाफ्यात पावसात नको. प्लास्टिकच्या कागदाचं असंच. उंच गादीवाफ्यावर तो ताणून बसवला तर खत धुऊन जाणं कमी होतं हे खरं आहे, म्हणून शेतात वापरतातही. पण घरच्या बागेत पाणी कागदावरून वाहून सऱ्यांत तुंबतं, मातीत नवा सेंद्रिय अंश पडत नाही आणि दोन हंगामांनी चिंध्या वेचत बसावं लागतं.

किती लागेल

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक सेंमी थर म्हणजे १० लिटर साहित्य. म्हणजे ५ सेंमी थराला चौरस मीटरमागे ५० लिटर. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला १५० लिटर.

कोरड्या भागात १० सेंमीपर्यंत जाड थर सांगतात. पावसाळी हवेत भाजीच्या वाफ्याला बसल्यानंतर ४ ते ५ सेंमी पुरे. पेंढा आठवड्याभराच्या पावसात निम्म्यावर बसतो, म्हणून घालताना तो ८ ते १० सेंमी सैल घालावा. चिपा फारशा बसत नाहीत, त्या सुरुवातीलाच ५ ते ७ सेंमी. चुरलेला पाला ३ ते ४ सेंमीच्या वर नको. एका खेपेत जाड घालण्यापेक्षा पातळ घालून महिन्याने भर घालणं केव्हाही बरं.

कधी घालायचं

पावसाचा हंगाम सुरू होताच पहिल्या सरींनी तणाचं बी एकदम उगवून येतं. त्याला उगवू द्या. दोन पानांवर आलं की खुरपून घ्या, आणि त्यानंतर आच्छादन घाला. हा एक आठवडा थांबल्याने पुढची निम्मी खुरपणी वाचते. दीर्घ मुळांचं किंवा गाठी असलेलं तण मात्र मुळासकट काढायलाच हवं. ते पाच सेंमीच काय, वीतभर थरातूनही वर येतं.

घालायच्या दिवशी मातीला वाफसा असावा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा सुटला तर काम सुरू करा. अंगठा चिखलात रुतावा तसा रुतला तर एक-दोन दिवस थांबा, कारण ओल्या वाफ्यावर चालून दाबली गेलेली माती आच्छादनाने मोकळी होत नाही. थंड पावसाळी प्रदेशात आणखी एक पथ्य: हिवाळ्यानंतर माती पुरती उबदार होईपर्यंत थांबा. झाकलेली माती उशिरा तापते आणि रोपं जागच्या जागी बसून राहतात.

बी थेट पेरलं असेल तर ती ओळ उघडी ठेवा. रोपं १० ते १५ सेंमी झाली की दोन्ही बाजूंनी आच्छादन सरकवत आणा. तोपर्यंत ओळींच्या मधली जागा झाकायला हरकत नाही.

प्रत्यक्ष घालताना

आधी खत द्या, रोपांना काठीचा आधार बांधा, खालची मातीला टेकलेली पानं काढून टाका. ही कामं नंतर करायची म्हटली तर थर विस्कटतो.

साहित्य घमेल्यातून मूठ मूठ घेऊन झटकत टाका. ढीग ओतून दाताळ्याने पसरला तर खालचा भाग दाबला जातो. वाफ्याच्या मध्यापासून सुरुवात करून कडेकडे या, म्हणजे झाकलेल्या जागेवर गुडघा टेकावा लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: खोडाभोवती मोकळी जागा. भाजीच्या रोपाभोवती तीन-चार बोटं, म्हणजे सुमारे ५ ते ७ सेंमी. झुडपांना १० सेंमी, मोठ्या झाडांना १५ सेंमी. बुंध्याला टेकवून डोंगरासारखा ढीग लावायची पद्धत दिसते, ती झाडाला हळूहळू मारते. खोडाची साल ओल सहन करायला बनलेलीच नाही. ती सतत भिजत राहिली की मऊ पडते आणि बुरशीला दार उघडतं. मोकळी जागा खोलगट बशीसारखी मात्र राहू देऊ नका, नाहीतर पाणी नेमकं खोडाशीच साचेल. माती खोडाकडे किंचित चढती असावी.

घराच्या भिंतीलगत वाफा असेल तर भिंतीपासून ३० सेंमी पट्टा उघडा ठेवा. ओलं लाकूड आणि भिंत यांचा संबंध आला की वाळवीला लपून चढायला वाट मिळते.

उतारावर सुटे मोठे तुकडे तरंगत खाली जातात. तिथे लांब धाग्याचं साहित्य घ्या: पेंढा, सुया, फाटलेल्या चिपा. ते उताराला आडवं टाका. दर मीटर-दीड मीटरवर एक जाड फांदी आडवी ठेवून दोन खुंट्यांनी अडवली की थर जागेवर राहतो आणि वाहत आलेली मातीही फांदीमागे साठते.

पावसात देखरेख

आच्छादन घातलं की काम संपलं, असं पावसाळी हवेत होत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक वाफ्यात दोन ठिकाणी मूठभर थर उचला आणि नाकाशी न्या. पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा वास आला तर सगळं ठीक. आंबट, शिरक्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही. थर उलटून सैल करा, शक्य असेल तर एक दिवस बाजूला पसरून ठेवा आणि परत घालताना निम्माच घाला. बाहेरून आणलेल्या चिपांच्या ढिगालाही कधी कधी हाच वास असतो. तसा माल सरळ वाफ्यावर टाकला तर कोवळी पानं दोन दिवसांत भाजल्यासारखी होतात. आधी पातळ पसरून वारा लागू द्या.

थराच्या आत पांढरी कोवळी मुळं वर चढलेली दिसली तर समजा, खालची माती गुदमरते आहे. आच्छादन कमी करा आणि निचऱ्याकडे वळा.

बुरशी पाहून घाबरून जाऊ नका, पण ती ओळखायला शिका. चिपांवरचे पांढरे धागे, छोट्या छत्र्या, एका रात्रीत उगवणारा पिवळा फेसाळ गोळा हे सगळं लाकूड कुजवणारं जग आहे, झाडाला त्याचा त्रास नाही. खरा धोका वेगळा दिसतो. खोडाच्या जमिनीलगतच्या भागावर पंख्यासारखी पांढरी जाळी चढते, तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे आधी पांढरे, मग तपकिरी होतात, आणि माती ओली असूनही रोप सुकतं. ही स्क्लेरोशियमची खोडकूज. उबदार, दमट हवा आणि न कुजलेला कचरा तिला फार आवडतो. रोप भोवतीच्या मातीसकट उचलून बागेबाहेर टाका, कंपोस्टात नको. ते दाणे मातीत कैक वर्षं जिवंत राहतात. त्या जागेवरचं आच्छादनही काढून टाका.

गोगलगाई हा आच्छादनावरचा सर्वांत रास्त आक्षेप. दिवसा त्या थराखाली लपतात, ओलसर जागी काचेच्या मण्यांसारखी अंडी घालतात आणि रात्री कोवळी रोपं फस्त करतात. थर पातळ आणि खरखरीत ठेवला तर त्यांना लपायला जागा कमी मिळते. तरीही आल्या तर संध्याकाळी वाफ्यात एक फळी खाली दोन खडे ठेवून पालथी घाला आणि सकाळी उलटून गोळा करा. रात्री विजेरी घेऊन वेचल्या तर दोन-तीन रात्रींत संख्या उतरते. गोळ्या वापरायच्या झाल्या तर आयर्न फॉस्फेटच्या घ्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. मीठ टाकू नका, ते मातीत राहतं. अगदी कोवळ्या रोपांना मात्र गोगलगाईंचा जोर ओसरेपर्यंत उघड्या मातीत ठेवणं हाच खरा उपाय, आणि तो करताना मला कधी वाईट वाटलेलं नाही. काळे वाणी किडे (पैसे) दिसतील. ते बहुतेक कुजकंच खातात, त्यांना राहू द्या.

खताचं एक सांगायला हवं. पावसात नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, मुळांच्या खाली धुऊन जातं. म्हणून एकदम मोठा हप्ता देऊ नका. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं द्या. देताना आच्छादन हाताने सारून खत मातीवर टाका आणि परत झाका. वरून फेकलेलं दाणेदार खत थरातच अडकतं.

पाऊस ओसरल्यावर

शेवटच्या मोठ्या पावसानंतर माती अजून ओली असताना वाफ्यावरून एकदा दाताळं हलकेच फिरवा. घट्ट बसलेला थर मोकळा होतो आणि किती उरलं ते कळतं. भाजीच्या वाफ्यात पेंढा बहुधा बोटभरच उरलेला असतो. तो तसाच राहू द्या आणि पुढची लागण त्यातच खड्डे पाडून करा. रोग आलेल्या वाफ्यातला मात्र सगळा खरडून काढा.

कोरडे दिवस समोर असतील तर आता थर जाड करायची वेळ आहे. मातीत ओल आहे तोवरच. भाजीला ७-८ सेंमी, झुडपांना १० सेंमीपर्यंत. माती सुकल्यानंतर घातलं तर पहिल्या हलक्या सरी आच्छादनच पिऊन टाकतं. खोडाभोवतीची मोकळी जागा तेव्हाही तेवढीच ठेवा. आणि पुढच्या हंगामाचे ढग दिसू लागले, की या जाड थरातला वरचा निम्मा काढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पावसाला सामोरा जाणारा वाफा पुन्हा चार-पाच सेंमीवर आलेला असू द्या.